ग्रानोलाचा वाडगा आणि वजनकाटा

मघाशी मी पहिल्या रांगेतल्या काकूंना म्हटलं, रोज सकाळी घ्याल तेवढा ग्रानोला, म्हणजे ओट्स, सुकामेवा, मध आणि तेल घालून भाजलेला हा कुरकुरीत नाश्ता, या वाडग्यात काढा. सगळ्यांसमोर म्हणून त्यांनी हात जरा आखडताच घेतला, तरी काट्यावर ११० ग्रॅम भरले. पाकिटावर एका वेळचं प्रमाण लिहिलंय ४० ग्रॅम. तेवढा या दुसऱ्या वाडग्यात काढलाय. मागच्यांना दिसतंय का? तळ जेमतेम झाकला गेलाय.

आता हिशेब करू. मी घरी करते त्याचाच सांगते, म्हणजे कुठल्या कंपनीची बाजू नको. ओट्स ३०० ग्रॅम, बदाम १००, मध ८०, बेदाणे ६० आणि तेल ६०. ओट्सच्या ११४०च्या आसपास कॅलरी, बदामांच्या ५८०, मधाच्या २४०, बेदाण्यांच्या १८०, तेलाच्या ५४०. एकूण झाल्या २६८०. भाजताना थोडं पाणी उडतं, हाती साधारण ५७० ग्रॅम माल येतो. म्हणजे १०० ग्रॅमला ४७०. तेल वजनात दहावा हिस्सा, पण कॅलरीत पाचवा. आणि तेल काढून टाका म्हणाल, तर तो कुरकुरीतपणा येत नाही. मी करून बघितलंय, घोड्याचा खुराक होतो.

म्हणजे काकूंचा वाडगा ५००च्या वर गेला, दूध वेगळंच. वाईट आहे का? नाही. १०० ग्रॅममागे ११ ग्रॅम प्रथिनं, ८ ग्रॅम तंतू, शिवाय ओट्समधलं बीटा-ग्लुकन, म्हणजे पाण्यात विरघळणारा तंतू, जे कोलेस्टेरॉल कमी करायला मदत करतं. ते पाकिटावरचं सगळं खरं आहे. अडचण घट्टपणाची आहे, म्हणजे एवढ्याशा मापात खूप कॅलरी. तेच ४० ग्रॅम ओट्स पाण्यात शिजवले की फुगतात, वाडगा भरतो, कॅलरी दीडशे. ग्रानोलात पाणी उरतच नाही. खरं तर हा पातळ पोह्यांच्या चिवड्याचा गोड चुलतभाऊ. फक्त चिवडा आपण तब्येतीसाठी म्हणून वाडगाभर खात नाही.

ग्रानोला हे नाव आलं अमेरिकेतल्या आरोग्यधामांतून. १८६३मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या डॉ. जेम्स जॅक्सन यांनी कोंड्यासकटच्या गव्हाच्या पिठाचे कडक तुकडे केले, त्याला म्हणायचे ‘ग्रॅन्युला’. रात्रभर भिजवल्याशिवाय दात लागत नसत! पुढे मिशिगनच्या डॉ. केलॉगनी तसंच काहीतरी त्याच नावानं केलं, नावावरून तंटा झाला आणि एक अक्षर बदलून ‘ग्रानोला’ झालं. मध, तेल, सुकामेवा घातलेला आजचा प्रकार लोकप्रिय झाला तो १९६०च्या दशकानंतर.

पाकीट घेताना मागची बाजू वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहिलेले असतात. पण मध, गूळ, खजुराचा पाक अशी तीन नावं वेगवेगळी आली, की गोड पदार्थ यादीत खाली सरकतात. तेव्हा ‘ॲडेड शुगर’चा, म्हणजे वरून घातलेल्या साखरेचा आकडा बघा, तोही १०० ग्रॅमचा.

काय म्हणालात? मधाऐवजी गूळ? चवीसाठी खुशाल घाला. पण मधात सतरा-अठरा टक्के पाणी असतं, गुळात फारच कमी. ८० ग्रॅमला ८० ग्रॅम बदललंत, तर साठेक कॅलरी वाढतीलच.