फुरानो-बिएई: जुलैमधला होक्काइदो

(दृश्य: नाकाफुरानो. उतारावर लव्हेंडरच्या रांगा, मागे तोकाची डोंगररांग.)

जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरच्या फुरानोचा लव्हेंडर बघायचा तर जुलैचा दुसरा किंवा तिसरा आठवडा धरा. जूनअखेरीस रोपांवर नुसती जांभळी झाक असते. ऑगस्टमध्ये जाल तर बहुतेक शेतांत कापलेली हिरवी झुडपंच दिसतील. हवामानाप्रमाणे बहर थोडा मागेपुढे होतो, पण हंगाम संपतो तो कापणीने. फुलं झाडावरच वाळू दिली तर तेल उडून जातं, म्हणून जुलैच्या उत्तरार्धातच कापणी सुरू होते.

(दृश्य: ऊर्ध्वपातनाची टाकी, जवळून.)

देठासकट फुलं टाकीत दाबून भरतात आणि खालून वाफ सोडतात. वाफेसोबत वर आलेलं तेल थंड झालं की पाण्यावर तरंगतं, मग ते वेगळं काढून घेतात. लव्हेंडर इथे आला तो या तेलासाठी. इथले शेतकरी तादाओ तोमिता यांनी 1958 मध्ये लागवड सुरू केली, तेव्हा गिऱ्हाईक होतं अत्तर कंपन्यांचं. सत्तरच्या दशकात कृत्रिम सुगंध आणि आयात तेल स्वस्त पडू लागलं, कंपन्यांनी खरेदी थांबवली आणि आसपासच्या शेतकऱ्यांनी लव्हेंडर नांगरून टाकला. 1976 मध्ये जपानच्या सरकारी रेल्वेच्या कॅलेंडरवर तोमितांच्या शेताचा फोटो छापून आला आणि माणसं शेत शोधत येऊ लागली. आज ‘फार्म तोमिता’त प्रवेशालाही पैसे नाहीत, पार्किंगलाही नाहीत. कमाई होते ती साबण, तेल आणि लव्हेंडरच्या आइस्क्रीमवर. आइस्क्रीम एकदा चाखायला ठीक. शेजारी मिळणारी फुरानोच्या खरबुजाची फोड मात्र चुकवू नका.

पोस्टरवर दिसणारे सात रंगांचे पट्टे फार्म तोमिताच्याच ‘इरोदोरी’ शेतातले. लव्हेंडर, पांढरी जिप्सोफिला, लाल पॉपी, नारिंगी कॅलिफोर्निया पॉपी हे सगळं एकाच वेळी फुललेलं हवं असेल, तर जुलैच्या मध्यानंतरच या. डोंगर पूर्वेला आहे, त्यामुळे सकाळी सूर्य नेमका कॅमेऱ्यासमोर येतो. फोटो दुपारनंतर चांगले येतात, पण मोकळी वाट आणि गाडीला जागा सकाळीच मिळते. दोन्ही हवं असेल तर मधला वेळ दुसरीकडे घालवा.

(दृश्य: लव्हेंडर-बाताके स्टेशन. लाकडी फलाट.)

रेल्वेने येणार असाल तर आसाहिकावा शहराहून फुरानो लाइन पकडा. एक-दोन डब्यांची डिझेल गाडी, तासाला एखादी. उन्हाळ्यापुरतं उघडणारं ‘लव्हेंडर-बाताके’ स्टेशन शेतापासून चालत काही मिनिटांवर आहे, पण तिथे ठरावीक गाड्याच थांबतात. ती गाडी चुकली तर नाकाफुरानोला उतरून साधारण पंचवीस मिनिटं चाला. वाट सपाट आहे. एक गोष्ट लक्षात ठेवा: गाडीत गार्ड नसतो. तिकीट खिडकी नसलेल्या स्टेशनवर चढताना मागच्या दाराशी मशीनमधून आकड्याची चिठ्ठी घ्या आणि उतरताना पुढच्या दाराशी ती चिठ्ठी व नेमके पैसे पेटीत टाका. नोट असेल तर ती आधीच सुटी करून घ्या.

स्वतः गाडी चालवायची असेल, तर निघण्यापूर्वी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. तो आणि मूळ परवाना दोन्ही जवळ हवेत. जपानमध्येही गाडी डावीकडूनच चालवतात. नेव्हिगेशनमध्ये ठिकाणाचं नाव टाइप करत बसू नका, फोन नंबर किंवा ‘मॅपकोड’, म्हणजे त्या जागेचा ठरलेला आकडा, टाका. संध्याकाळनंतर हरणं रस्त्यावर येतात, तेव्हा वेग कमी ठेवा.

(दृश्य: बिएईच्या टेकड्या. पिवळे, हिरवे, पांढरे तुकडे.)

शेजारच्या बिएईत गोष्ट वेगळी. या टेकड्यांवरची गोधडी कोणी पर्यटकांसाठी शिवलेली नाही. पिवळा तुकडा गव्हाचा, पांढऱ्या-फिकट जांभळ्या फुलांचा बटाट्याचा, गडद हिरवा शुगरबीटचा. बटाटा त्याच मातीत वर्षानुवर्षं घेतला तर रोग साचतात, म्हणून पिकांची फेरपालट होते आणि दर वर्षी तुकड्यांचे रंग बदलतात. मागच्या वर्षीचा फोटो घेऊन तीच जागा शोधत फिरणं व्यर्थ आहे.

(दृश्य: शेताच्या कडेची पाटी. बुटाला चिकटलेली ओली माती.)

शेतात पाय टाकायचा नाही, बांधावरसुद्धा नाही. बटाट्याच्या मुळांवर जगणारा एक सूत्रकृमी, म्हणजे मातीतला सूक्ष्म किडा, आपली अंडी कवचात ठेवतो. ते कवच खसखशीपेक्षा बारीक असतं, बुटाच्या मातीतून शेतोशेत फिरतं आणि जमिनीत दहा वर्षांहून जास्त काळ जिवंत राहतं. एकदा शिरला की त्या रानातून तो काढणं जवळपास अशक्य. ‘तत्त्वज्ञाचं झाड’ म्हणून गाजलेला इथला पॉप्लर त्याच्या मालकाने 2016 मध्ये पाडला. झाड म्हातारं झालं होतं हे खरं, पण फोटोसाठी पीक तुडवणाऱ्यांना तो कंटाळलाही होता. फोटो डांबरी रस्त्यावरूनच काढा, आणि गाडी वळणावर उभी करू नका. मागून ट्रॅक्टर येत असतो. सायकल बिएई स्टेशनसमोर भाड्याने मिळते. चढ बरेच आहेत, थोडे पैसे जास्त देऊन इलेक्ट्रिक घ्या.

(दृश्य: आओइके. निळं पाणी, त्यात उभी वाळलेली लार्चची झाडं.)

आओइके, म्हणजे निळं तळं, नैसर्गिक वाटतं, पण ते बांधकामातून झालेलं आहे. 1926 मध्ये तोकाची ज्वालामुखीच्या उद्रेकाने बर्फ वितळला आणि चिखलाच्या लोंढ्याने खालच्या वस्त्यांत 144 जणांचा बळी घेतला. 1988 मध्ये डोंगर पुन्हा जागा झाला, तेव्हा असा लोंढा अडवण्यासाठी बिएई नदीवर काँक्रीटच्या ठोकळ्यांचे बंधारे घातले. त्यांच्यामागे पाणी साचलं, झाडं उभ्या उभ्या मेली. वरच्या बाजूला ॲल्युमिनियम असलेलं झऱ्याचं पाणी नदीत मिसळतं, अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि ते निळा प्रकाश जास्त विखुरतात. मोठ्या पावसानंतर किंवा बर्फ वितळताना गाळ आला की पाणी मळकट हिरवं, कधी तपकिरी दिसतं. आदल्या दिवशी जोराचा पाऊस झाला असेल तर आओइके एक-दोन दिवस पुढे ढकला.

तिथून तीनेक किलोमीटरवर शिराहिगे धबधबा. कड्याच्या पोटातून झरे फुटून सरळ नदीत पडतात आणि ते पुलावरून दिसतं. झऱ्याचं किंवा ओढ्याचं पाणी न उकळता पिऊ नका आणि कोल्ह्याला खाऊ घालू नका: होक्काइदोच्या कोल्ह्यांमध्ये एकिनोकॉकस हा परजीवी असतो आणि तो माणसाच्या यकृतात घर करतो. बिएईहून तळ्याकडे जाणाऱ्या बसेस मोजक्याच असतात. उतरल्या उतरल्या थांब्यावरच्या परतीच्या वेळापत्रकाचा फोटो काढून घ्या.