लुगोऊचा पूल आणि दोन वेशींचं गाव

नमस्कार श्रोतेहो.

आज तुम्हाला बेजिंगला घेऊन जाते. राजवाड्यात नाही, चीनच्या भिंतीवरही नाही. तिआनमेन चौकापासून नैऋत्येला पंधराएक किलोमीटर गेलं की फंगथाय जिल्ह्यात योंगतिंग नदी लागते. नदीवर लुगोऊचा जुना दगडी पूल आहे आणि पुलाच्या तोंडाशी तटबंदीतलं एक लहानसं गाव, वानपिंग. फंगथाय पूर्वी फुलमळ्यांसाठी नावाजलेला होता, पुढे रेल्वेचं मोठं जंक्शन झाला. बेजिंग बघायला आलेली माणसं इकडे फारशी फिरकत नाहीत. मला मात्र वाटतं, त्या शहरावर काय काय गुदरलं ते कळून घ्यायचं तर इथे यावं. शहरावरचं संकट आधी वेशीवर येतं.

नदीपासून सुरुवात करू. योंगतिंग म्हणजे कायमची स्थिर. पण हे तिचं जुनं नाव नव्हे. डोंगरातून गाळ घेऊन येणारी, मनाला येईल तसं पात्र बदलणारी ही नदी. लोक तिला वूतिंग म्हणायचे, म्हणजे जिचा काही भरवसा नाही अशी. १६९८ मध्ये कांगशी बादशहानं तिला बांध घातले आणि नावही बदललं. द्वाड लेकराला शहाणं बाळ म्हणून हाक मारावी, तसं ते नाव आहे.

पूल त्याच्याही कितीतरी आधीचा. जिन घराण्याच्या काळात ११८९ मध्ये काम सुरू झालं आणि ११९२ मध्ये पूल उभा राहिला. अकरा कमानी, लांबी २६६ मीटर. प्रवाह ज्या अंगानं येतो, त्या अंगाला खांब नावेच्या नाळेसारखे निमुळते केलेत आणि त्यांच्या टोकावर तीनधारी लोखंडी पहारी बसवल्यात. थंडीत नदी गोठते, वसंतात बर्फाचे मोठाले तुकडे वाहत येतात. ते या धारेवर आपटून फुटायचे आणि कमानीखालून निघून जायचे. लोक या पहारींना ड्रॅगन मारणाऱ्या तलवारी म्हणतात. मार्को पोलोनं आपल्या प्रवासवर्णनात पुलाचं तोंड भरून कौतुक केलं. त्यामुळे पाश्चात्त्यांनी पुलाला त्याचंच नाव देऊन टाकलं, पण तिथली माणसं लुगोऊछ्याओच म्हणतात. छ्याओ म्हणजे पूल.

आता सिंह. कठड्याला दोन्ही बाजूंनी मिळून २८१ खांब आहेत आणि प्रत्येक खांबाच्या माथ्यावर दगडी सिंह बसला आहे. एवढंच असतं तर मोजणं सोपं होतं. पण मी एका सिंहापुढे वाकून नीट पाहिलं, तेव्हा त्याच्या पंजाखाली एक पिल्लू उताणं पडलेलं दिसलं, पाय वर करून. दुसरं त्याच्या पाठीवरून चढत होतं. तिसरं आयाळीत होतं, नुसतं नाक आणि अर्धं तोंड, माझ्या अंगठ्याएवढं. दगड झिजलेला असल्यामुळे ते पिल्लू की आयाळीचीच एक बट, हे हात फिरवून पाहावं लागलं. बेजिंगकडे म्हणच आहे: लुगोऊ पुलाचे सिंह, मोजून संपत नाहीत. १९६२ मध्ये मोजदाद झाली, तेव्हा ४८५ भरले. पुढच्या मोजणीत आणखी काही सापडले. शेकडो वर्षांत मोडलेले सिंह पुन्हा घडवले गेले, त्यामुळे शेजारी शेजारी बसलेल्या दोघांमध्ये कित्येकदा तीन-चार शतकांचं अंतर असतं. एकाचं तोंड झिजून गुळगुळीत, दुसऱ्याचे दात अजून मोजता येतात.

पुलाच्या मधोमध जुन्या फरसबंदीचा पट्टा राखून ठेवला आहे. त्या घडीव दगडांत गाड्यांच्या चाकांनी खोल खाचा पडल्या आहेत. 'चाकोरी' हा शब्द आपण रोज वापरतो. मी खरीखुरी चाकोरी दगडात कोरलेली पाहिली ती तिथे. दक्षिणेकडून राजधानीत शिरायची आणि राजधानीतून बाहेर पडायची ही मोठी वाट होती. निरोप द्यायला आलेली माणसं इथपर्यंत यायची. रात्री पुलाजवळ मुक्काम करायचा, पहाटे चंद्र मावळायच्या आत गाडी जुंपायची. त्या वेळचा नदीवरचा चंद्र इतका नावाजलेला, की 'लुगोऊवरचा पहाटेचा चंद्र' ही चार चिनी अक्षरं छ्येनलोंग बादशहाच्या हस्ताक्षरात कोरलेली शिळा पुलाजवळ उभी आहे. १७५१ सालची.

राजधानीकडे येताना पूल ओलांडला की वानपिंग. पूर्व-पश्चिम साधारण ६४० मीटर, उत्तर-दक्षिण ३२०. वेशी दोनच, समोरासमोर. हे गाव नांदण्यासाठी बांधलंच नव्हतं. मिंग राजवट डळमळू लागली, तेव्हा राजधानीची वाट राखायला म्हणून १६४० मध्ये ही छावणी पुरी झाली. चार वर्षांनी मिंग राजवटच बुडाली. तट मात्र राहिला, आणि त्याच्यावर खरा घाला आला तो तीनशे वर्षांनी.

१९३६ पासून फंगथायच्या रेल्वे जंक्शनजवळ जपानी तुकडी ठाण मांडून होती. ७ जुलै १९३७ च्या रात्री पुलाजवळ त्यांचा सराव चालला होता. गोळ्यांचे आवाज झाले, हजेरीत एक शिपाई कमी भरला. तो थोड्या वेळानं परतलाही. पण तोवर 'आम्हाला वानपिंगमध्ये शिरून झडती घ्यायची आहे' ही मागणी पुढे आली होती. चिनी सैन्यानं वेस उघडली नाही. पहिली गोळी कुणी झाडली, याचा वाद आजही चालतो. पहाटे तोफा सुरू झाल्या. २८ जुलैला याच जिल्ह्यात, नानयुआनच्या छावणीवरच्या हल्ल्यात थोंग लिनक आणि चाओ तंगयू हे दोन सेनानी पडले. दुसऱ्या दिवशी बेजिंग गेलं. पुढची आठ वर्षं युद्ध थांबलं नाही. तटाच्या बाहेरच्या अंगाला तोफगोळ्यांनी पडलेले खड्डे बुजवलेले नाहीत. विटा आतपर्यंत फुटलेल्या दिसतात, आणि त्या भगदाडात आता गवत उगवतं.

श्रोतेहो, इथे मला सोलापूर आठवतं. त्याच वर्षी चू द या चिनी सेनापतींनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. १९३८ च्या सप्टेंबरात पाच डॉक्टर मुंबईहून बोटीनं निघाले. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. कोटणीसांची गोष्ट आपल्याकडे शाळकरी पोरांनाही ठाऊक असते: आघाडीवरचं रुग्णालय, चिनी परिचारिकेशी लग्न, ९ डिसेंबर १९४२ ला अवघ्या बत्तिसाव्या वर्षी आलेला मृत्यू. मागे साडेतीन महिन्यांचा मुलगा होता, यिनह्वा. यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. ही गोष्ट आपल्याला पाठ आहे, पण ज्या वेशीवर तिचं कारण घडलं, ती आपल्या डोळ्यांपुढे नसते. मला ती पाहायची होती, म्हणून मी गेले. पश्चिमेच्या वेशीत उभं राहिलं की समोर सरळ पूल दिसतो, सिंहांच्या दोन रांगा आणि पलीकडे डोंगर.

नदीचं सांगायचं राहिलं. वर धरण झालं, पाणी शहरानं उचललं, आणि कितीतरी वर्षं बेजिंगमधलं तिचं पात्र कोरडं पडलं होतं. २०२० पासून पाणी सोडून तिला पुन्हा वाहती करायला घेतलं. मग २०२३ च्या जुलैअखेर वादळी पाऊस कोसळला आणि तिला तिचं जुनं नाव आठवलं. १९२४ नंतरचा एवढा मोठा पूर पुलानं पाहिला नव्हता. जवळच्याच श्याओछिंग नदीवरचा आजच्या काळातला पूल त्या दिवशी खचला. लुगोऊच्या अकरा कमानींखालून गढूळ पाणी तलवारींवर आपटत, फुटत, पुढे निघून गेलं.

नमस्कार.