युनियनच्या फंडाची थकबाकी आणि मालकाची जबाबदारी

नमस्कार श्रोतेहो. अमेरिकेत वायरिंग, रंगकाम, सुतारकामाची छोटी कंत्राटं घेणारे आणि युनियनचे कामगार लावणारे जे मराठी मालक ऐकत असतील, त्यांच्यासाठी आजचं बोलणं आहे. त्यांच्याकडे राबणाऱ्यांसाठीही आहे. लोकल युनियनशी, म्हणजे युनियनच्या स्थानिक शाखेशी, करार केला की मजुरीखेरीज दर तासामागे ठरलेली रक्कम आरोग्य विमा, पेन्शन आणि प्रशिक्षणाच्या फंडांत भरावी लागते. समजा हा दर तासाला २२ डॉलर आहे. पाच माणसांनी महिन्यात प्रत्येकी १६० तास काम केलं, तर १७,६०० डॉलर झाले. बिल अडकलं की मालक पहिला हात याच पैशाला लावतो, आणि तिथेच फसतो.

कारण फंड म्हणजे युनियन नव्हे. १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्याप्रमाणे तो स्वतंत्र ट्रस्ट असतो. त्यावर मालकांचे आणि कामगारांचे विश्वस्त समसमान असतात, आणि कशासाठी किती भरायचं ते लेखी असावं लागतं. त्यामुळे युनियनच्या एजंटनं साइटवर ‘दोघांचेच भरा, बाकीचं बघू’ असं सांगितलं असलं, तरी ते फंडावर बंधनकारक नाही. कोर्टात हा बचाव चालत नाही. ‘तो माणूस युनियनचा सभासदच नव्हता’ हेही सहसा चालत नाही, कारण बहुतेक करारांत रक्कम कामाच्या प्रकारावर लागते, सभासदत्वावर नाही. पैसे भरणंच बेकायदा असेल किंवा करार मुळातच रद्दबातल असेल, असे मोजकेच बचाव उरतात.

१९७४ च्या एरिसा, म्हणजे कामगारांच्या पेन्शन-विम्यासारख्या लाभांच्या कायद्यात १९८० साली कलम ५१५ घातलं गेलं. कराराप्रमाणे भरा, एवढंच ते सांगतं. खरा दणका कलम ५०२ मध्ये आहे. फंड दावा जिंकला तर न्यायाधीशाला दयामाया दाखवायला जागाच नाही: मुद्दल, त्यावर व्याज, शिवाय तेवढंच व्याज पुन्हा किंवा करारात ठरलेली, साधारणपणे २० टक्क्यांपर्यंतची भरपाई, यातलं जे जास्त असेल ते, आणि फंडाच्या वकिलाची वाजवी फी व खर्च. मुद्दल ४०,००० डॉलर, व्याज वर्षाला १० टक्के आणि थकबाकी एक वर्षाची धरा. व्याज ४,०००, २० टक्क्यांनी भरपाई ८,०००, म्हणजे मुद्दलासह ५२,०००, आणि वकिलाची फी वेगळी. दावा दाखल झाल्यावर घाईघाईनं मुद्दल भरलं, तरी बहुतेक कोर्टं बाकीचं माफ करत नाहीत. भरायचं तर नोटीस आल्या आल्या भरा.

आता ऑडिट. विश्वस्तांना तुमची पगारपुस्तकं तपासता येतात, हे सुप्रीम कोर्टानं १९८५ मध्ये सेंट्रल स्टेट्स या फंडाच्या खटल्यात मान्य केलं. ऑडिटर डब्ल्यू-२ (कामगाराच्या वर्षभराच्या पगाराचा फॉर्म), १०९९ (स्वतंत्र कंत्राटदार म्हणून दिलेल्या पैशाचा फॉर्म), तिमाही ९४१ (पगारावरच्या कराचं विवरण), चेकचे तपशील आणि साइटनिहाय तास मागतो. पितळ उघडं पडतं ते १०९९ वर किंवा रोखीनं दिलेल्या मजुरीत. एकाच माणसाचे काही तास युनियनच्या कामाचे आणि काही दुसऱ्या कामाचे असतील आणि तुमच्याकडे वेगळी नोंद नसेल, तर अनेक कोर्टं सगळेच तास फंडाचे धरतात. नाहीत हे सिद्ध करायची जबाबदारी मग तुमच्यावर येते. म्हणून रोजचा तक्ता ठेवा: नाव, साइट, कामाचा प्रकार, तास. फंडाला दावा करायची मुदतही लांब असते. एरिसानं ती ठरवलेली नाही, ती राज्याच्या कायद्यातून घेतात: न्यू यॉर्क आणि न्यू जर्सीत ६ वर्षं, इलिनॉयमध्ये लेखी करारासाठी १०.

सही करताना पानाची मागची बाजूसुद्धा वाचा. एका पानाचा करार अख्खा मुख्य करार आणि ट्रस्टचे नियम अंगावर घेतो. मुदत संपली तरी, ठरलेल्या काळात लेखी नोटीस दिली नाही तर तो आपोआप पुढे चालू राहतो. मालकानं स्वतः हमी घेतल्याचं वाक्यही तिथेच दडलेलं असू शकतं.

एरवी हे कर्ज कंपनीचं असतं. पण जुनी कंपनी बंद करून भावाच्या नावानं तीच माणसं, तीच हत्यारं, तीच गिऱ्हाईकं घेऊन नवी काढली, तर कोर्ट दोन्हीला एकच धरू शकतं. आणि कामगाराच्या पगारातून फंडासाठी कापलेले पैसे तर तुमचे नव्हेतच. ते दुसरीकडे वळवले तर फौजदारी गुन्हा होऊ शकतो, ५ वर्षांपर्यंत कैदेचा. हे मुद्दाम ठणकावून सांगतो आहे.

पैसे नाहीतच, तर काय करायचं? तासांचा मासिक रिपोर्ट मात्र वेळेवर पाठवा. युनियनच्या एजंटला नव्हे, फंडाच्या ऑफिसला लेखी कळवा आणि हप्ते मागा. चेक कुठल्या महिन्याचा आहे ते त्यावर लिहा.

कामगार बंधू-भगिनींनो, बऱ्याच फंडांत भरलेल्या तासांवरच आरोग्य विमा चालू राहतो. मालकानं पैसे भरले नाहीत, तर ते बहुधा दवाखान्याच्या खिडकीवरच कळतं. पगाराच्या पावत्या जपा आणि फंडाच्या विवरणातल्या तासांशी दर तिमाहीला ताडून बघा. फरक दिसला तर पावत्यांच्या प्रती जोडून फंडाला पत्र लिहा. तिथे दाद लागली नाही, तर अमेरिकेच्या श्रम खात्याच्या कर्मचारी लाभ सुरक्षा विभागाचे सल्लागार विनामूल्य मदत करतात.