आधी अकूस्टिकच का?

मागच्या रांगेत पालक मंडळी बसली आहेत. त्यांच्या मनातला प्रश्न मीच विचारून टाकतो. ‘सर, आधी अकूस्टिक गिटारच घ्यायची ना? बोटं तयार झाली की मग इलेक्ट्रिक?’ दर जूनमध्ये हे ऐकतो. माझं उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि ते मी माझ्याच बोटांवर शिकलोय.

नववीत असताना मामाने मला अकूस्टिक, म्हणजे विजेशिवाय वाजणारी साधी गिटार, आणून दिली. बाराव्या फ्रेटपाशी, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या बाराव्या आडव्या पट्टीपाशी, तारा चांगल्या चार मिलिमीटर वर. दोन-अडीच पुरतात, हे कुणी सांगितलंच नाही. कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवलेले सूर. त्यातल्या एफ कॉर्डला पहिलं बोट सहाही तारांवर आडवं दाबायचं असतं. माझ्या दोन तारा वाजायच्या, बाकीच्या नुसत्या खटखटायच्या. दिवाळीपर्यंत गिटार माळ्यावर गेली आणि घरात ठरलं, पोराला चिकाटी नाही. चिकाटी होती हो, तारा जिथे टेकतात त्या घोडीवरची पांढरी पट्टी थोडी घासून हवी होती!

आता जरा हिशेब बघा. अकूस्टिकवर सहसा बाराचा सेट असतो, म्हणजे सर्वांत बारीक तार ०.०१२ इंचाची. सहा तारांचा मिळून ताण सत्तर किलोंच्या आसपास. इलेक्ट्रिकवर नवाचा सेट लावला तर तोच चाळीसच्या आतबाहेर. एवढा ताण अकूस्टिकला लागतो, कारण तिथे आवाज वाढवायला दुसरं कुणी नाही. तार घोडीला हलवते, घोडी वरच्या पातळ लाकडी पाटीला हलवते आणि पाटी हवेला. सगळी ताकद तुमच्या हातातून जाते.

इलेक्ट्रिक जन्मली तीच मुळी ऐकू येत नाही या तक्रारीतून. अमेरिकेतल्या मोठ्या जॅझ बँडमध्ये ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनपुढे गिटारवाला नुसता हात हलवताना दिसायचा. मग तारांखाली लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेची गुंडाळी बसवली, त्यालाच आपण पिकअप म्हणतो. गंमत म्हणजे १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात चाललेली पहिली इलेक्ट्रिक मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटार होती. अॅल्युमिनियमचं गोल अंग आणि लांब दांडी, म्हणून लोक तिला चक्क ‘तवा’ म्हणायचे. नंतर १९३९ मध्ये चार्ली ख्रिश्चन हा गिटारवादक बेनी गुडमनच्या जॅझ ताफ्यात आला आणि गिटारवाला कोपऱ्यातून उठून पुढे सोलो, म्हणजे एकट्याची तान, घ्यायला लागला.

मग इलेक्ट्रिक सोपी का? ही बघा, अॅम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा खोका, चालू करतो. मी काहीच वाजवत नाहीये, फक्त बोट तारेवरून उचललं. ऐकलंत? ‘टुंग’. अकूस्टिकवर हा आवाज तिसऱ्या रांगेतही पोचला नसता, इथे सगळं सभागृह साक्षीला आहे. म्हणून इलेक्ट्रिकवाल्याचे निम्मे कष्ट तारा गप्प ठेवण्यात जातात. खालच्या सुराच्या जाड तारांवर उजव्या तळहाताची कड, वरच्या सुराच्या बारीक तारांवर डाव्या बोटांचं पोट. माझ्याकडे अकूस्टिकवर तीन-चार वर्षं काढलेली मुलं येतात. बोटं दगडासारखी, पण अॅम्प लावला की नुसता कोलाहल. ती सवय अकूस्टिकने लावलेलीच नसते.

आपल्या कानाशी जवळची एक गोष्ट सांगतो, मींड. सितारिया पडद्यावर तार खेचून सूर चढवतो. इलेक्ट्रिकची तिसरी तार साधी, एकेरी असते, ती पूर्ण एक स्वर सहज खेचली जाते. अकूस्टिकवर तीच तार बहुधा गुंडाळलेली आणि जाड. खेचा, बोट सोलून निघेल आणि सूर अर्ध्यावर राहील. पं. ब्रिजभूषण काबरा यांनी गिटारवर राग वाजवले ते गिटार मांडीवर घेऊन, तारांवरून धातूची दांडी सरकवत. फ्रेटचा प्रश्नच मिटवला! तेव्हा तुमच्या डोक्यात सोलोची लांब, रडवी तान घुमत असेल तर अकूस्टिकवर दोन वर्षं शिक्षा भोगू नका. आणि गाताना स्वतःला साथ करायची असेल, गच्चीवर, ट्रेकला, गणपतीच्या मांडवामागे, तर तिथे अॅम्प कोण उचलणार? तिथे अकूस्टिकच.

पावसाळ्याचंही बोलतो, कारण दुकानात कुणी बोलत नाही. अस्सल लाकडाची पाटी दमट हवेत फुगते, घोडी वर उचलली जाते आणि जूनमध्ये मऊ वाटणारी गिटार ऑगस्टमध्ये हात कापते. कोकणात, मुंबईत तर फारच. गिटारच्या पेटीत ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवा. इलेक्ट्रिकच्या भरीव अंगाला हा त्रास कमी, पण तारा दोन्हींच्या गंजतातच. आणि इलेक्ट्रिक घेणार असाल तर सगळे पैसे गिटारवर उडवू नका, अॅम्पचे बाजूला काढा. मग हेडफोन लावून रात्री बारालाही वाजवा, शेजारच्या आजोबांना पत्ता लागणार नाही.

असो. टेबलावर दोन्ही ठेवल्यात, दोन्हींच्या तारा आज सकाळीच बदलल्यात. पहिल्या रांगेपासून एकेक जण या. अॅम्पचा आवाज दोनवर आहे, घाबरू नका. डाव्या हाताची नखं वाढलेली असतील तर आधी कापा, नेलकटर आणलंय मी.