फोडणीतली शस्त्रं

टोपलीत पडलेला कांदा कुणालाच रडवत नाही. सुरी लागली की मात्र काही सेकंदांत डोळे भरून येतात. याचं कारण विलक्षण आहे: डोळ्यांना झोंबणारा वायू कांद्यात आधी नसतोच, तो चिरताना तयार होतो. कांद्याच्या पेशीत गंधकयुक्त द्रव्य एका कप्प्यात असतं आणि ते फोडणारं विकर (एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन) दुसऱ्या कप्प्यात. पेशी फाटली की दोघांची गाठ पडते. किडीने कुरतडलं तरी हेच होतं, आणि मुळात ही तयारी आहे तिच्यासाठीच. या साखळीतली शेवटची पायरी आपोआप घडते, असं बराच काळ मानलं जायचं. २००२ साली जपानी संशोधकांनी दाखवून दिलं की त्या पायरीसाठीही कांद्याकडे एक वेगळं विकर आहे.

लसणाचंही तसंच. ठेचला की उग्र. अख्ख्या पाकळ्या गरम तेलात सोडल्या की विकर उष्णतेने निकामी होतं आणि त्या गोडसर लागतात.

पण खरी गंमत मोहरीत आहे. मिसळणाचा डबा उघडून मोहरीचा वास घेऊन पाहा. जवळजवळ काहीच येणार नाही. तीच मोहरी पाणी घालून फेसा. दाणा फुटतो, पाणी मिळतं, आत वेगवेगळी ठेवलेली द्रव्यं एकत्र येतात आणि झणका थेट नाकात चढतो. केळ्याच्या रायत्यात, लोणच्यात आपल्याला हवा असतो तो हाच झणका. मग फोडणीतली मोहरी नाकात का जात नाही? कारण ती तडतडेपर्यंत तापलेल्या तेलाने तिचं विकर संपवलेलं असतं. उरतो तो खमंगपणा. एकाच दाण्याच्या या दोन चवी आपल्या आज्या-पणज्यांनी विकराचं नावही न ऐकता नेमक्या वापरल्या, याचं मला फार कौतुक वाटतं.

अळूने वेगळा मार्ग धरला. त्याच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुया असतात. अर्धकच्चं फतफतं खाल्लं की घसा खवखवतो, तो या सुयांमुळे. आणि हिंग? तो तर जखमेतूनच मिळतो. झाडाच्या मुळाला चीर दिली की पाझरणारा चीक वाळवला की झाला हिंग. आपल्याकडचा बहुतेक हिंग अफगाणिस्तान आणि इराणमधून येत आला. हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात त्याची रोपं लावली गेली ती ऑक्टोबर २०२० मध्ये.

आता मिरची. तिखट ही खरं तर चव नाही, ती जळजळ आहे. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता ओळखणारी एक यंत्रणा आपल्या जिभेवरच्या मज्जातंतूंत असते. मिरचीतलं कॅप्सेसिन नेमकी तीच चाळवतं आणि मेंदूला निरोप जातो: भाजलं! ही यंत्रणा शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं.

पोपट मात्र मिरची मजेत खातो. पक्ष्यांमध्येही ही यंत्रणा असते, पण कॅप्सेसिनने ती चाळवत नाही. अमेरिकेतल्या रानमिरच्यांवर २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात यामागचं कारण दिसलं. पक्ष्याच्या पोटातून गेलेलं बी नीट रुजलं. उंदरांसारख्या प्राण्यांनी खाल्लेलं बी रुजलंच नाही. म्हणजे मिरचीचा तिखटपणा बी चावून टाकणाऱ्यांना हाकलतो आणि बी दूर नेणाऱ्यांना खुशाल खाऊ देतो. आपण खरं तर हाकलल्या जाणाऱ्यांपैकी. तरीही पोर्तुगिजांबरोबर मिरची या किनाऱ्यावर उतरली आणि मिरीची जागा घेऊन बसली.

ठेचा फारच झोंबला तर पाणी पिऊन उपयोग नाही. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. दूध किंवा दही घ्या. त्यातलं केसिन नावाचं प्रथिन ते जिभेवरून सोडवून नेतं.