बोव्हेचं अर्धं कॅथेड्रल

नमस्कार श्रोतेहो.

स्वस्तातलं तिकीट काढून पॅरिसला निघालेले बरेच प्रवासी खरं तर बोव्हे नावाच्या गावी उतरतात. विमानतळावरच बस धरतात आणि दक्षिणेला पॅरिस गाठतात. गावात सेंट पीटरचं कॅथेड्रल आहे, तिकडे फारसं कुणी फिरकत नाही. माझं विचाराल तर गॉथिक बांधकाम, म्हणजे मध्ययुगीन युरोपातली टोकदार कमानींची उंच चर्चं, समजून घ्यायचं असेल तर पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलच्या आधी इथे यावं. कारण हे बांधकाम फसलेलं आहे, आणि ते कुठे फसलं हे आजही उघड दिसतं.

१२२५ साली आगीत जुन्या चर्चचं नुकसान झालं आणि बिशप मिलो द नांतय यांनी नव्या कॅथेड्रलचं काम काढलं. जवळच्या आमिएं गावात पाच वर्षं आधीच मोठं कॅथेड्रल उभं राहू लागलं होतं. त्याचं छत पुढे ४२ मीटरवर गेलं. बोव्हेकरांनी १२७२ पर्यंत वेदीकडचा भाग पूर्ण केला तो सुमारे ४८ मीटर उंचीचा! म्हणजे आतल्या आत पंधरा मजली इमारत मावेल. एवढ्या उंचीचं गॉथिक छत दुसरीकडे कुठेही नाही.

आता गंमत बघा. दगडी कमानदार छत नुसतं खाली दाबत नाही, ते भिंतींना बाहेरही ढकलतं. तो रेटा झेलायला गॉथिक गवंडी बाहेरून दगडी कमानींचे टेकू देत. भार टेकूंवर गेला की भिंती जाड ठेवायची गरज उरत नाही, तिथे रंगीत काचा बसवता येतात. बोव्हेत मात्र खांब सडपातळ होते आणि त्यांच्यातलं अंतर मोठं. १२८४ मध्ये छताचा काही भाग कोसळला. पाया खचला, टेकू कमी पडले, की वाऱ्याने हादरे बसले, यावर अभ्यासक अजून भांडतात.

पण उंची कमी करायचं कुणाच्या मनात आलं नाही. दोन खांबांच्या मधोमध आणखी एक खांब घातला. आत उभं राहून पाहिलं की जुन्या रुंद कमानीच्या पोटात दोन अरुंद कमानी बसवलेल्या दिसतात. ठिगळच ते, पण देखणं.

मग इंग्लंडशी शंभर वर्षांचं युद्ध आलं, काम रखडलं. १५०० साली मार्तं शांबिज या वास्तुकाराने क्रुसाच्या आकाराच्या या चर्चच्या आडव्या बाजू उभारायला घेतल्या, त्या १५४८ च्या सुमारास झाल्या. आता राहिलं होतं लोकांना बसायचं लांब दालन. शहाण्या माणसाने आधी ते बांधलं असतं, कारण मधल्या चार खांबांना पश्चिमेकडून आधार त्याचाच मिळणार होता. धर्मगुरूंनी पैसा घातला त्याच चार खांबांवरच्या मनोऱ्यात. १५६९ साली १५३ मीटरचा मनोरा पूर्ण झाला. लवकरच खांब कलू लागले. तज्ज्ञांनी पाहणी केली, इशारा दिला, पण दुरुस्तीत वेळ गेला.

३० एप्रिल १५७३, येशूच्या स्वर्गारोहणाचा सण. मिरवणूक नुकतीच बाहेर पडली होती, आणि मनोरा खाली आला. लोक बाहेर होते म्हणून मोठा अनर्थ टळला. खांब आणि छत दुरुस्त करता करता तिजोरी आटली आणि लांब दालन राहिलं ते कायमचंच. म्हणून तिथलं जुनं, दहाव्या शतकातलं बुटकं चर्च वाचलं. नव्या दालनासाठी तेच पाडायचं होतं.

जून १९४० मध्ये जर्मन बॉम्बवर्षावात आजूबाजूचं जुनं गाव जळून गेलं, कॅथेड्रल तगलं. पुढे १९६० च्या दशकात कुणाला तरी टेकूंमधल्या जुन्या लोखंडी सळ्या डोळ्यांत खुपल्या. काढल्या. आणि वाऱ्याने टेकू डोलायला लागले! मग पोलादी सळ्या बसवाव्या लागल्या. नंतर आतल्या आडव्या भागातही लाकूड आणि पोलादाचे भले थोरले आधार उभे केले. फोटो काढणाऱ्यांची त्यावर नेहमी कुरकुर असते. मला विचाराल तर आधी त्यांचाच फोटो काढा.

नमस्कार.