आठ कोटी टनांची वाट

(दृश्य : रशियाच्या उत्तर किनाऱ्यावरचं ओबचं आखात, हिवाळा. गोठलेल्या समुद्रावर अंधुक उजेड. एक अवाढव्य टँकर बर्फ कापत येतो आहे.)

हे जहाज उलटं चाललंय असं वाटेल. ते खरोखरच उलटं चाललंय. मोकळ्या पाण्यात ते इतर जहाजांसारखं नाळ पुढे करून जातं. बर्फ जाड झाला की कॅप्टन ते फिरवतो आणि मागचा भाग पुढे घालतो. तळाशी तीन ॲझिपॉड आहेत, म्हणजे गोल फिरू शकणारे विजेचे प्रोपेलर. एकूण ताकद ४५ मेगावॅट. ते बर्फ खालून कुरतडतात आणि सांगाड्याभोवती पाणी ढकलतात, त्यामुळे घर्षण कमी होतं. सोबत आइसब्रेकर, म्हणजे बर्फ फोडणारं जहाज, नसतानाही हे जहाज दोन मीटर जाडीच्या बर्फातून वाट काढतं. पोटात उणे १६२ अंशांवर द्रवरूप केलेला १,७२,६०० घनमीटर नैसर्गिक वायू. याच आखाताकाठच्या यामल वायू प्रकल्पासाठी कोरियात अशी १५ जहाजं बांधली गेली. रशियाच्या आर्क्टिक धोरणाचं यश दाखवायचं, तर पहिलं चित्र याच जहाजांचं लागतं. पुढच्या अडचणीही याच जहाजांपासून सुरू होतात.

(दृश्य : नकाशा. कारा सामुद्रधुनीपासून बेरिंग सामुद्रधुनीपर्यंत रेघ.)

मार्च २०२० मध्ये राष्ट्राध्यक्ष पुतिन यांनी आर्क्टिकसाठी २०३५ पर्यंतच्या सरकारी धोरणाची मूलतत्त्वं मंजूर केली. ऑक्टोबरमध्ये त्यावर आधारित सविस्तर आराखडा आला. त्यात रोजगार आहे, आरोग्य आहे, इंटरनेट आहे, लष्कर आहे. पण मॉस्कोत सगळ्यांच्या तोंडी असलेला आकडा एकच : उत्तर सागरी मार्गावरून वर्षाला किती टन माल गेला. हा मार्ग साधारण ५,६०० किलोमीटरचा. सोव्हिएत काळातली सर्वोच्च वाहतूक १९८७ ची, सुमारे ६६ लाख टन. नवं लक्ष्य २०२४ मध्ये ८ कोटी टन, २०३० मध्ये ९ कोटी, २०३५ मध्ये १३ कोटी.

२०२४ उलटलं तेव्हा हिशेब लागला : ३ कोटी ७९ लाख टन.

सोव्हिएत आकड्याशी ताडलं तर ही झेप जवळजवळ सहापट. ठरवलेल्याशी ताडलं तर निम्म्याहूनही कमी. उरलेले चार कोटी टन कुठे अडकले ते बघायला आधी किनाऱ्यावर उतरावं लागेल.

(दृश्य : खांबांवर उभ्या इमारती. खालून वारा वाहतोय.)

इथली जमीन वर्षभर गोठलेली असते. उन्हाळ्यात फक्त वरचा थर वितळून चिखल होतो. इमारत थेट जमिनीवर बांधली तर तिच्याच उबेने पाया वितळतो आणि भिंती तडकतात. म्हणून नोरिल्स्क या सैबेरियातल्या शहरात खांब खोल, कायम गोठलेल्या थरात रोवतात आणि तळमजल्याखाली मोकळी पोकळी ठेवतात. हिवाळ्याचा वारा तिथून वाहत जमीन थंड ठेवतो. मोठ्या टाक्या आणि पाइपलाइन यांच्याशेजारी उभ्या नळ्या दिसतात, त्या थर्मोसायफन. बंद नळीत अमोनिया किंवा कार्बन डायऑक्साइड. खालच्या टोकाला जमिनीच्या उष्णतेने तो उकळतो, वाफ वर जाते, बाहेरच्या कडाक्यात पुन्हा द्रव होऊन खाली येते. मोटर नाही, वीज नाही. पण हवा जमिनीपेक्षा थंड असेल तोवरच हे चालतं. उन्हाळा लांबला की नळी गप्प बसते, आणि जमीन गोठवून ठेवायला मिळणारा काळ तेवढा कमी होतो.

देखभाल चुकली तर काय होतं ते २९ मे २०२० रोजी दिसलं. नोरिल्स्कच्या एका वीज केंद्रातल्या डिझेल टाकीचा आधार खचला. सुमारे २१,००० टन डिझेल बाहेर पडलं, त्यातलं बहुतेक नद्यांमध्ये गेलं आणि अंबारनाया नदी लाल झाली. केंद्राच्या मालक कंपनीने आधी वितळत्या जमिनीकडे बोट दाखवलं. सरकारी तपासात मात्र आराखडा, बांधकाम आणि देखरेख अशा तिन्ही ठिकाणचे दोष निघाले. न्यायालयाने जवळजवळ १४६ अब्ज रूबल भरपाई ठोठावली. हे धोरण मंजूर होऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते.

पायाचा हा प्रश्न टाळायला नोवाटेक या रशियन वायू कंपनीने ‘आर्क्टिक एलएनजी २’ या द्रवरूप वायूच्या प्रकल्पात जमीनच टाळली. मुर्मान्स्कजवळ बेलोकामेन्का इथे काँक्रीटचे प्रचंड तराफे ओतले, त्यांवर कारखाना चढवला, तो समुद्रातून ओढत नेला आणि गिदान द्वीपकल्पाजवळ समुद्रतळावर बसवला. पहिला तराफा २०२३ च्या उन्हाळ्यात पोहोचला. अभियांत्रिकी म्हणून हे काम फार देखणं आहे. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेचे निर्बंध आले. वायू तयार होऊ लागला, पण तो न्यायला बर्फातली जहाजं नव्हती. कोरियन यार्डाकडच्या काही ऑर्डरी रद्द झाल्या, काही अडकल्या. जिथे जहाज होतं तिथे घेणारा नव्हता. पहिला माल चीनच्या बंदरात उतरायला ऑगस्ट २०२५ उजाडलं.

(दृश्य : अणुशक्तीवरचं आइसब्रेकर, समोरून.)

आता वाट काढणाऱ्यांकडे. २०१८ च्या अखेरच्या कायद्याने मार्गाचा कारभार रोसातोम या सरकारी अणुऊर्जा महामंडळाकडे गेला. अणुशक्तीवर चालणारी आइसब्रेकर फक्त रशियाकडे आहेत. नवी मालिका ‘आर्क्टिका’ वर्गाची : प्रत्येक जहाजात दोन अणुभट्ट्या, प्रोपेलरवर ६० मेगावॅट, लांबी १७३ मीटर, रुंदी ३४. पोटातलं पाणी उपसून ते हलकं होतं आणि वर येतं. साडेदहा मीटरऐवजी साडेआठ-नऊ मीटर पाण्यातही चालतं, म्हणून ओब आणि येनिसेईच्या उथळ मुखांतही शिरू शकतं. पूर्वी या दोन कामांना दोन वेगळी जहाजं लागायची. पहिल्या ‘आर्क्टिका’चं नशीब मात्र खडतर. तिच्या तीन मोटरींपैकी उजवी २०२० मध्ये जळाली, आणि उरलेल्या ताकदीवरच ती कामाला लागली.

खरी गोची रुंदीची आहे. आइसब्रेकर ३४ मीटर रुंद, मागून येणारा टँकर ५०. फोडलेल्या वाटेच्या दोन्ही कडा टँकरला घासतात, वेग पडतो, आणि वेळापत्रक पाळणाऱ्या व्यापाऱ्याला वेग लागतो. याचं उत्तर म्हणून ‘लीडर’ वर्गाचं जहाज आखलं : सुमारे ४८ मीटर रुंद, प्रोपेलरवर १२० मेगावॅट. त्याची बांधणी २०२० मध्ये अतिपूर्वेच्या ज्वेज्दा यार्डात सुरू झाली आणि ठरल्या तारखेच्या फार मागे पडली आहे. पूर्वेकडच्या जाड बर्फातून बारा महिने वाहतूक करायची तर हे जहाज हवंच.

(दृश्य : नोव्हेंबर २०२१. बर्फात थांबलेली मालवाहू जहाजं.)

सलग काही वर्षं बर्फ उशिरा धरला, आणि मालवाल्यांनी तोच नियम मानला. २०२१ मध्ये मार्गाच्या पूर्व भागातले लाप्तेव्ह आणि पूर्व सैबेरियन समुद्र लवकर गोठले. वीसहून अधिक जहाजं अडकली. त्यांतली कित्येक हलक्या दर्जाची होती, पातळ बर्फापुरती बांधलेली. हवामान खात्याचा अंदाज चुकला, आणि पुरेशी आइसब्रेकर पूर्वेला नव्हती. हाकारा गेल्यावर ती निघाली, पण एवढ्या अंतरावर मदत पोहोचायला दिवसच्या दिवस जातात.

सुएझला पर्याय म्हणून या मार्गाची जाहिरात होते. रॉटरडॅम ते योकोहामा सुएझमार्गे सुमारे ११,२०० सागरी मैल, इकडून ७,३००. अंतराचं गणित बरोबर आहे. पण कंटेनर कंपनीला ठरल्या वारी ठरलं बंदर हवं असतं, वाटेत माल चढवायला-उतरवायला शहरं हवी असतात. २०१८ मध्ये मर्स्क या डॅनिश कंटेनर कंपनीने एक जहाज पाठवून पाहिलं आणि तूर्त हा पर्याय नाही असं सांगितलं. २०२४ मध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला माल सुमारे ३० लाख टन. बाकी जवळपास सगळा आर्क्टिकमधून बाहेर जाणारा किंवा आर्क्टिकच्या कामांसाठी आत येणारा, आणि निम्म्याहून जास्त वायू व त्यासोबत निघणारं हलकं तेल, म्हणजे कंडेन्सेट.

(दृश्य : मार्गाच्या पूर्व टोकाकडचं पेवेक बंदर. धक्क्याला बांधलेलं तरंगतं वीज केंद्र.)

माणसांसाठीही योजना आहेत. दहा लाख रूबल गुंतवणारा उद्योजक ‘आर्क्टिक रहिवासी’ म्हणून करसवलत घेऊ शकतो. नागरिकाला एक हेक्टर जमीन फुकट मिळते. पेवेकला ‘अकादमिक लोमोनोसोव’ हे केंद्र २०१९ पासून वीज आणि २०२० पासून उष्णता पुरवतं : ३५ मेगावॅटच्या दोन अणुभट्ट्या, तरत्या बार्जवर. तरीही महाराष्ट्राच्या सोळापट पसरलेल्या या प्रदेशात माणसं जेमतेम २४-२५ लाख, आणि ती कमी होताहेत. धोरणाच्या दस्तऐवजातच हा मोठा धोका म्हणून नोंदला आहे.

याचं एक कारण दुकानात दिसतं. दूरच्या वस्त्यांचं इंधन, कोळसा, पीठ, साखर दोन-तीन महिन्यांच्या उन्हाळ्यात पोहोचवावी लागते. समुद्री जहाजातून नदीमुखाशी, तिथून बार्जवर, पुढे गोठलेल्या नदीवरच्या हिवाळी रस्त्याने ट्रकमध्ये. नदीला पाणी कमी आलं की बार्ज मध्येच बसतो, आणि माल बर्फ पक्का होईपर्यंत पडून राहतो. प्रत्येक चढ-उतारीचा खर्च शेवटी पिठाच्या पोत्यावर चढतो.

(दृश्य : येनिसेईजवळचं तैमिर द्वीपकल्प. पाइपलाइनचं काम.)

आठ कोटींच्या बेरजेत सगळ्यात मोठी भर घालायची होती ती रोसनेफ्त या रशियन सरकारी तेल कंपनीच्या ‘वोस्तोक ऑइल’ प्रकल्पाने. येनिसेईच्या आखातात ‘सेव्हेर’ बंदर, आणि तिथवर सुमारे ७७० किलोमीटरची पाइपलाइन. २०२४ मध्ये या बंदरातून ३ कोटी टन तेल निघणार होतं. एक थेंबही निघाला नाही.

या बेरजेत आपलाही हिस्सा आहे. पाइपलाइन जिथून सुरू होते त्या वांकोर क्षेत्रात ओएनजीसी विदेशची २६ टक्के आणि इतर भारतीय सरकारी कंपन्यांची मिळून जवळजवळ २४ टक्के भागीदारी आहे. म्हणजे साधारण निम्मं. वांकोरचं तेल आजवर पाइपने दक्षिणेकडे जात आलं आहे, ते उत्तरेला वळवून बर्फातल्या बंदरातून न्यायचं असा रोसनेफ्तचा बेत आहे. या भागीदारीवरचा भारतीय कंपन्यांचा लाभांश निर्बंधांमुळे रशियन बँकांत अडकला.